अणुपुंजांची रचना, संगणकाचे अनुमान आणि आमची भस्मे

गेल्या काही वर्षांत औषधनिर्मात्यांच्या माहितीपत्रकांत 'नॅनो' हा शब्द वारंवार दिसू लागला आहे, आणि अलीकडे त्याच्या जोडीला 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हाही शब्द येऊन बसला आहे. धातुभस्मांच्या बाबतीत तर हे दोन्ही शब्द मोठ्या उत्साहाने वापरले जातात. वैद्यबांधवांपैकी अनेकांना या शब्दांमागील शास्त्र नेमके काय आहे, ते कोठवर पोहोचले आहे आणि आपल्या औषधांशी त्याचा संबंध किती, हे जाणून घेण्याची इच्छा असते. रुग्ण विचारतात, औषधी दुकानात येणारे ग्राहक विचारतात, आणि उत्तर देताना आपण चाचपडतो. प्रस्तुत लेखात आम्ही या विषयाच्या मुळाशी असलेल्या एका संशोधनशाखेचा परिचय करून देणार आहोत. ती शाखा म्हणजे अणुपुंजांच्या रचनेचे संगणकाद्वारे भाकीत करण्याची. विशेष आनंदाची गोष्ट ही की, या शाखेत पुण्याच्या संशोधकांनी गेली दोन दशके मोलाचे काम केलेले आहे.

अणुपुंज म्हणजे काय?

धातूचा खडा घेऊन तो अर्धा, त्याचा अर्धा असा विभागत गेलो तर शेवटी एक अणू उरेल. परंतु त्याच्या थोडे अलीकडे, म्हणजे दोन-चार अणूंपासून काहीशे अणूंपर्यंतच्या समूहाची एक अवस्था असते. शास्त्रज्ञ तिला 'क्लस्टर' म्हणतात. आपण तिला अणुपुंज म्हणू. अशा पुंजाचा आकार साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, एवढाच असतो.

या अवस्थेचे वैशिष्ट्य समजण्यासाठी आपल्या बाजारातील संत्र्यांच्या ढिगाची कल्पना करावी. एका संत्र्याभोवती त्याला चिकटून बारा संत्री बसविली, तर तेरा संत्र्यांचा एक सुबक गोळा होतो. त्यात एकच संत्रे आत आणि बारा बाहेर. त्यावर आणखी एक थर चढविला की पंचावन्न होतात. त्यांपैकी बेचाळीस बाहेरच असतात. आणखी एक थर दिला की १४७ होतात आणि त्यांतील ९२ पृष्ठभागावर असतात. म्हणजे इतक्या लहान पुंजात बहुसंख्य अणू पृष्ठभागावरचे. पृष्ठभागावरील अणूला शेजारी कमी, त्यामुळे त्याचे बंध अपुरे, आणि म्हणून त्याची क्रियाशीलता वेगळी. नेहमीच्या धातूच्या तुकड्यात पृष्ठभागावरील अणूंचे प्रमाण नगण्य असते. तेथे धातूचे गुण आतल्या अणूंवरून ठरतात. पुंजात मात्र एकेक अणू वाढला वा घटला की गुण बदलतात.

याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. १९८४ साली अमेरिकेतील बर्कले येथे नाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियमच्या वाफेतून अणुपुंज तयार केले, तेव्हा ८, २०, ४० आणि ५८ अणूंचे पुंज इतरांपेक्षा अधिक संख्येने टिकलेले आढळले. दुसरे उदाहरण आपल्या परिचयाच्या सुवर्णाचे. सोने म्हणजे कशाशीही सहज संयोग न पावणारा धातू, अशी त्याची ख्याती. परंतु १९८७ साली जपानच्या हारुता यांनी असे दाखविले की, अतिसूक्ष्म सुवर्णकण कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे ज्वलन अत्यंत कमी तापमानालाही घडवून आणतात. धातू तोच, मात्र कणाचा आकार बदलला आणि स्वभाव बदलला.

संख्या तीच, रचना निराळी

येथे एक महत्त्वाचा मुद्दा लक्षात घ्यावा लागतो. पुंजात किती अणू आहेत हे कळल्याने त्याचे गुण कळत नाहीत. ते अणू कसे बसले आहेत हेही कळावे लागते. सुवर्णाचे अगदी लहान पुंज सपाट, पत्र्यासारखे असतात. २००३ साली वीस अणूंचा सुवर्णपुंज त्रिकोणी तळाच्या मनोऱ्यासारखा असल्याचे प्रसिद्ध झाले. २००६ साली सोळा ते अठरा अणूंचे सुवर्णपुंज आतून पोकळ, पिंजऱ्यासारखे असल्याचे आढळले. धातू एकच, अणूंच्या संख्येत दोन-चारचा फरक, आणि आकार पत्रा, पिंजरा व मनोरा असा बदलत जातो.

मग ही रचना पाहायची कशी? पुंज निर्वात पोकळीत क्षणभर असतात; त्यांचे सरळ छायाचित्र घेणे दुष्कर असते. म्हणून शास्त्रज्ञ त्यांवर प्रकाश टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजतात आणि संगणकाने काढलेल्या संभाव्य रचनांशी ती ताडून पाहतात. म्हणजे प्रयोग झाला तरी गणिताची साथ लागतेच.

गणित का अवघड जाते?

निसर्गाचा नियम असा की, अणू शक्यतो कमीत कमी ऊर्जेच्या रचनेत स्थिरावतात. पाणी खोलगट जागी साचावे तसे हे आहे. पण डोंगराळ मुलखात खोलगट जागा एक नसते. प्रत्येक दरीला तळ असतो, आणि सर्वांत खोल तळ कोणता हे एका दरीत उभे राहून कळत नाही. अरगॉनसारख्या अणूंसाठी वापरले जाणारे सर्वांत साधे सूत्र घेतले, तरी केवळ तेरा अणूंना स्थिर बसण्याच्या सुमारे दीड हजार वेगवेगळ्या रीती निघतात. अणू वाढले की ही संख्या पटींनी वाढत जाते. त्याच सूत्रात ३८ अणूंचा पुंज हा संशोधकांची परीक्षा पाहणारा म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या बहुतेक वाटा एका फसव्या दरीकडे नेतात आणि खरा तळ निराळ्याच बाजूला असतो.

धातूंच्या बाबतीत साधे सूत्र चालत नाही. इलेक्ट्रॉनांचा विचार करावा लागतो. त्यासाठी 'घनता फलन सिद्धांत' ही गणितपद्धती वापरतात. तिचे जनक वॉल्टर कोन यांना १९९८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ही पद्धती विश्वासार्ह आहे, पण खर्चिक आहे. इलेक्ट्रॉनांची संख्या दुप्पट झाली की गणिताचा पसारा सामान्यतः आठपट होतो. एका रचनेची ऊर्जा काढून ती स्थिरावेपर्यंत मोठ्या संगणकालाही बराच वेळ लागतो, आणि तपासावयाच्या रचना असतात हजारो.

पुण्यातील परंपरा

पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात डॉ. दिलीप कान्हेरे यांनी अणुपुंजांच्या अभ्यासाची परंपरा रुजविली. त्यांच्या गटाने विशेष लक्ष दिले ते पुंज तापविल्यावर काय होते याकडे. २००२ साली कविता जोशी, कान्हेरे व ब्लंडेल यांनी दहा अणूंच्या कथिलाच्या, म्हणजे आपल्या वंगाच्या, पुंजाचे गणित मांडले. त्यातून असे दिसले की, हा इवलासा पुंज नेहमीच्या वंगापेक्षा कितीतरी अधिक तापमानाला वितळावा. हे अपेक्षेच्या उलट होते, कारण कण लहान झाला की तो लवकर वितळतो अशीच सर्वसाधारण समजूत होती.

त्याहून रंजक कथा गॅलियम धातूची. हा धातू २९.८ अंश सेल्सिअसला वितळतो. आपल्या वाशीमच्या उन्हाळ्यात तो बाटलीत पाऱ्यासारखा पातळच राहील. २००३ साली अमेरिकेत जॅरॉल्ड यांच्या गटाने प्रयोगाने दाखविले की, गॅलियमचे लहान पुंज यापेक्षा शेकडो अंश अधिक तापमानापर्यंत घनच राहतात. असे का होते, याचे स्पष्टीकरण २००४ साली पुण्याच्या चाको, जोशी व कान्हेरे यांनी फ्रान्समधील ब्लंडेल यांच्यासह दिले. नेहमीच्या गॅलियममध्ये अणूंच्या जोड्या असतात व जोडी-जोडीतील बांधणी सैल असते. पुंजात मात्र अणू एकमेकांशी घट्ट सहसंयुज बंधांनी जखडलेले असतात.

पुढे २००६ साली कविता जोशी, शैलजा कृष्णमूर्ती व कान्हेरे यांनी आणखी एक कोडे उलगडले. गॅलियमचा ३१ अणूंचा पुंज ठरावीक तापमानाला स्पष्टपणे वितळतो; ३० अणूंचा पुंज मात्र हळूहळू, केव्हा वितळला हे सांगता येऊ नये असा मऊ होत जातो. फरक केवळ एका अणूचा! कारण असे निघाले की, ३१ अणूंच्या पुंजाची रचना सुव्यवस्थित असते, तर ३० अणूंच्या पुंजाची विस्कळीत. सुव्यवस्थित रचनेतील अणू समान बंधांनी बांधलेले असल्याने एकदमच सुटतात. विस्कळीत रचनेत कोणी आधी सुटतो, कोणी नंतर. गुणांचे मूळ रचनेत असते हे या एका उदाहरणाने जितके स्पष्ट होते, तितके क्वचितच अन्य कशाने होत असेल.

यंत्राला शिकविणे म्हणजे काय?

आता मुख्य विषयाकडे येऊ. 'मशीन लर्निंग', म्हणजे यंत्रशिक्षण, या पद्धतीत संगणकाला नियम सांगितले जात नाहीत. त्याला सोडविलेली उदाहरणे दाखविली जातात आणि नियम त्याने स्वतः शोधावा अशी योजना असते. गुरूजवळ राहून शिष्य शिकतो, त्याच्याशी याचे साम्य आहे. गुरू रुग्ण दाखवितात, लक्षणे दाखवितात, निदान सांगतात. शेकडो रुग्ण पाहिल्यावर नवीन रुग्ण समोर आला की शिष्याच्या मनात निदान उमटते. मात्र शिष्य खरोखर शिकला की त्याने केवळ पाठांतर केले, हे जाणून घ्यायचे असेल तर त्याला न दाखविलेला रुग्ण पुढे करावा लागतो. यंत्राची परीक्षाही अशीच, बाजूला राखून ठेवलेल्या उदाहरणांवर घेतात.

अणूंच्या ऊर्जेसाठी या पद्धतीचा पाया २००७ साली बेहलर व पॅरिनेलो यांच्या कामाने भक्कम झाला. त्यांची युक्ती अशी होती की, संपूर्ण समूहाची ऊर्जा एकदम न शोधता प्रत्येक अणूचा वाटा त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरवावा व मग बेरीज करावी. त्यामुळे लहान समूहांवर शिकलेले यंत्र मोठ्या समूहालाही लावता येते. २०१७ साली इंदूरच्या आयआयटीतील डॉ. सत्या बुलुसु व सहकाऱ्यांनी याच वाटेने १४७ अणूंच्या सुवर्णपुंजाची रचना व हालचाल अभ्यासली.

२०२१ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. कविता जोशी आणि हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेतील डॉ. देव प्रियकुमार यांच्या गटांनी मिळून गॅलियमच्या पुंजांसाठी 'डार्ट' नावाची पद्धती प्रसिद्ध केली. तिचे टप्पे वैद्यांना सहज समजतील असे आहेत.

पहिला टप्पा उदाहरणांचा. ३१ ते ७० अणूंच्या गॅलियम पुंजांच्या अनेक रचना व त्यांच्या ऊर्जा घनता फलन सिद्धांताने काढून त्यांचा एक संग्रह तयार करण्यात आला.

दुसरा टप्पा लक्षणांचा. संगणकाला रचनेचे चित्र दिसत नाही. त्याला आकडेच कळतात. मग रचनेचे वर्णन आकड्यांत कसे करावे? या गटांनी अत्यंत सोपी लक्षणे निवडली. प्रत्येक अणूभोवती तीन कवचे कल्पावयाची आणि प्रत्येक कवचात किती अणू आहेत ते मोजावयाचे. संत्र्यांच्या ढिगातील एका संत्र्याला विचारावे की, तुला टेकलेली किती, त्यापलीकडच्या वेढ्यात किती, आणि त्याच्याही पलीकडे किती. एवढ्या तीन आकड्यांवरून तो अणू आतला की पृष्ठभागावरचा, दाटीत की मोकळा, याचा बोध होतो. वैद्य रुग्णाचे सर्वस्व नोंदवीत नाही. दोष, दूष्य, देश, काल, बल अशी निवडक अंगे पाहतो. लक्षणांची निवड चांगली असेल तर थोडक्यांत पुष्कळ कळते, हेच तत्त्व येथेही आहे.

तिसरा टप्पा अनुमानाचा. नवीन रचना समोर आली की यंत्र तिची ऊर्जा तत्काळ सांगते. या पद्धतीची सरासरी चूक सुमारे ०.१५ इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी नोंदली गेली. त्यामुळे हजारो संभाव्य रचनांतून कमी ऊर्जेच्या मोजक्या रचना झटपट निवडता येतात. पुढे २०२३ साली याच गटांनी बक्षीस देऊन शिकविण्याच्या पद्धतीने संगणकाकडून गॅलियमच्या नव्या रचनाच घडवून घेण्याचे काम प्रसिद्ध केले. म्हणजे यंत्र परीक्षकाचे काम करता करता रचनाकाराचेही काम करू लागले.

अनुमानाच्या मर्यादा

आयुर्वेदाने आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती ही प्रमाणे स्वीकारली आहेत. त्यांच्या दृष्टीने पाहता यंत्रशिक्षण हे शुद्ध अनुमान होय, आणि अनुमानाचे सर्व नियम त्याला लागू पडतात. पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षी आपण सर्वजण धूम व अग्नी यांचा दृष्टांत शिकतो. जेथे धूम तेथे अग्नी, ही व्याप्ती पक्की आहे. उलट, जेथे अग्नी तेथे धूम, ही व्याप्ती टिकत नाही. कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे पण धूर नाही. ओले इंधन असेल तरच धूर होतो. हा ओल्या इंधनाचा संबंध म्हणजे उपाधी. उपाधी लक्षात न घेता केलेले अनुमान फसते.

यंत्राची व्याप्ती त्याला दाखविलेल्या उदाहरणांपुरतीच असते. गॅलियमच्या ३१ ते ७० अणूंवर शिकलेल्या यंत्राला ताम्राच्या पाचशे अणूंविषयी विचारले तर ते गप्प बसत नाही, उत्तर देतेच. पण त्या उत्तरामागे व्याप्ती नसते. हा यंत्राचा मोठा दोष आहे. अनुभवी वैद्य 'हे मला माहीत नाही' असे म्हणू शकतो. साधे यंत्र तसे म्हणत नाही.

दुसरी मर्यादा चुकीच्या मापाची. सरासरी ०.१५ इलेक्ट्रॉन व्होल्ट ही चूक संपूर्ण पुंजाच्या मानाने किरकोळ वाटेल. तथापि दोन प्रतिस्पर्धी रचनांमधील अंतर पुष्कळदा तेवढेच किंवा त्याहून कमी असते. तुलनेसाठी सांगायचे तर खोलीच्या तापमानाला अणूंच्या थरथरीची ऊर्जा सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. म्हणून यंत्राने निवडलेल्या रचना शेवटी पुन्हा मूळ गणिताने तपासाव्याच लागतात. चूर्ण करताना आपण प्रथम जाड चाळणीने चाळतो व नंतर वस्त्रगाळ करतो. यंत्रशिक्षण ही जाड चाळणी आहे. तिने श्रम कमी होतात. वस्त्रगाळ करणे टळत नाही.

तिसरी मर्यादा गुरूची. २०२४ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग प्रथिनांची रचना संगणकाने ओळखल्याबद्दल हसाबिस व जंपर यांना मिळाला. ते यश मिळाले याचे एक कारण असे की, प्रयोगाने निश्चित झालेल्या लाखाहून अधिक प्रथिनरचनांचा संग्रह दशकानुदशके जमविलेला होता. अणुपुंजांच्या बाबतीत असा प्रायोगिक संग्रह नाही. तेथे यंत्राचा गुरू म्हणजे दुसरे गणितच. गुरूच्या सिद्धांतात जी उणीव असेल ती शिष्यातही उतरते.

भस्मांशी याचा संबंध कोठवर?

आता आपल्या व्यवसायाकडे वळू. सुवर्णभस्मावर २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञही सहभागी होते. त्या भस्मात सुवर्ण हे धातुरूपातच, सुमारे ५७ नॅनोमीटरच्या स्फटिककणांच्या स्वरूपात आढळले. आपल्या परंपरेने साधलेली ही सूक्ष्मता निश्चितच अभिमानास्पद आहे. परंतु या एका आकड्याचे गणित करून पाहावे. ५७ नॅनोमीटर व्यासाच्या एका सुवर्णकणात पन्नास लाखांहून अधिक अणू असतात आणि त्यांपैकी शेकडा तीनच्या आसपासच पृष्ठभागावर असतात. ज्या पुंजांत एका अणूने स्वभाव बदलतो ते पुंज ३०-७० अणूंचे. तेव्हा अणुपुंजांवरील निष्कर्ष उचलून भस्मांना चिकटविणे शास्त्राला धरून होणार नाही.

शिवाय संगणकातील पुंज एकाच मूलद्रव्याचा, निर्वात पोकळीतला आणि एकटा असतो. आपले भस्म तसे नसते. शोधनाच्या वेळी वापरलेली द्रव्ये, भावनेतील वनस्पतींचे रस, पुटाच्या वेळी मिळालेला वायू, गंधक वा पारद यांचा संस्कार, या सर्वांमुळे भस्मात ऑक्साइड, सल्फाइड व वनस्पतींतील क्षार यांचे मिश्रण असते. कण एकमेकांना चिकटून मोठे गोळेही झालेले असतात. ताम्रभस्म व ताम्र यांत जे अंतर आहे, ते केवळ कणाच्या आकाराचे नाही, तर द्रव्यांतराचे आहे. अपुनर्भव व निरुत्थ या परीक्षा याच द्रव्यांतराची खातरजमा करण्यासाठी सांगितलेल्या आहेत.

यावरून एक निष्कर्ष ठामपणे मांडावासा वाटतो. 'भस्म नॅनो आहे, म्हणून ते सुरक्षित आहे' हे विधान अनुमान म्हणून सदोष आहे. अणुपुंजांचे सारे शास्त्र हेच सांगते की, कण लहान झाला की गुण बदलतात. ते हितकारकच होतील असे ते सांगत नाही. जो सुवर्णकण लहान झाल्यावर विषारी वायूचे ज्वलन घडवू लागतो, तो अधिक क्रियाशील झाला एवढेच त्यातून सिद्ध होते. क्रियाशीलता औषधालाही उपयोगी आणि विषालाही. लहानपणापासून सुरक्षिततेचे अनुमान करताना मधे उपाधी आहे, आणि ती उपाधी म्हणजे रचना, द्रव्यरूप, मात्रा व रुग्णाची अवस्था.

हा केवळ वादाचा विषय नाही. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांतील १४ उत्पादनांत शिसे, पारा अथवा आर्सेनिक आढळले. त्यानंतर भारत सरकारने निर्यातीच्या वनस्पतिज औषधांसाठी २००६ च्या आरंभापासून जड धातूंची तपासणी आवश्यक केली. त्या वेळी आपल्यातील काहींनी 'हे धातू भस्मरूपात नॅनो असल्याने बाधत नाहीत' असे उत्तर दिले. ते उत्तर जगाने मान्य केले नाही, आणि आज विचार करता ते मान्य होण्याजोगे नव्हतेच. ज्या उत्पादनात भस्म असल्याचे वेष्टनावर लिहिलेलेच नाही, तेथे सापडलेल्या शिशाला नॅनो म्हणून काय साधणार? आणि जेथे भस्म शास्त्रोक्त आहे, तेथे त्याचे समर्थन शोधन-मारणाच्या नोंदींनी, परीक्षांनी व रुग्णांच्या तपासण्यांनी व्हावे. एका शब्दाने ते होणार नाही.

वैद्य व औषधी दुकानदारांनी काय करावे?

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा अशा गावांतून काम करणाऱ्या आपल्यासारख्यांजवळ एक्स-रे विवर्तनाची यंत्रे नाहीत. ती विद्यापीठांत वा मोठ्या प्रयोगशाळांत असतात. तरीही प्रश्न विचारणे आपल्या हाती आहे. भस्म खरेदी करताना निर्मात्याकडे पुढील गोष्टींची मागणी करावी, असे आम्ही सुचवितो.

पहिली, त्या विशिष्ट क्रमांकाच्या घाण्याचा विश्लेषण अहवाल. सामान्य माहितीपत्रक नव्हे, तर आपल्या हातातील डबीवर जो घाणा-क्रमांक छापला आहे त्याचाच अहवाल. दुसरी, भस्मातील मुख्य द्रव्य कोणत्या रूपात आहे, म्हणजे धातू, ऑक्साइड की सल्फाइड, याचे एक्स-रे विवर्तनाने केलेले निदान. तिसरी, पुटांची संख्या व तापमानाच्या नोंदी. त्या सुनिर्मितीच्या नियमांनुसार निर्मात्याने ठेवणे अपेक्षितच आहे. चौथी, अपेक्षित नसलेल्या जड धातूंचे प्रमाण. वनस्पतिज औषधांसाठी शिसे दशलक्षात १० भाग, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ या मर्यादा आयुर्वेदीय फार्माकोपियात दिलेल्या आहेत. भस्म नसलेल्या चूर्ण-गुटिकांसाठी त्या मर्यादांचा आग्रह अवश्य धरावा. आणि पाचवी, 'कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रमाणित' असे लिहिले असल्यास एकच प्रश्न विचारावा: या यंत्राला कोणती उदाहरणे दाखविली होती आणि न दाखविलेल्या उदाहरणांवर त्याची चूक किती आली? ज्याने खरे काम केले आहे तो याचे उत्तर आकड्यांत देईल. पुणे-हैदराबादच्या संशोधकांनी आपली चूक आकड्यांत छापून जाहीर केली, याहून दुसरा आदर्श आपल्याला शोधण्याचे कारण नाही.

याचबरोबर घरची वारितर व रेखापूर्ण ही परीक्षा सोडू नये. बोटाच्या रेषेत भस्म भरते का, निश्चल पाण्यावर तरंगते का, हे पाहण्यास दोन मिनिटे लागतात. या परीक्षांनी कणांच्या सूक्ष्मतेचा अंदाज येतो. द्रव्याचे रूप व अशुद्धी त्यांनी कळत नाहीत. म्हणून त्या आवश्यक असल्या तरी पुरेशा नाहीत, एवढे भान ठेवावे.

पुढील वाट

यंत्रशिक्षणाचा आपल्या शास्त्राला उपयोग नाही, असे मात्र कोणी समजू नये. भस्मनिर्मितीत पुटाचे तापमान, ते किती वेळ टिकले, थंड होण्यास लागलेला काळ, भावनेचे द्रव्य व संख्या, आणि शेवटी तयार झालेल्या द्रव्याचे विवर्तन-चित्र, या सर्वांच्या नोंदी पद्धतशीर ठेवल्या तर यंत्राला शिकविण्याजोगी उदाहरणे तयार होतील. कोणत्या पुटानंतर द्रव्य बदलले, कोणता घाणा कच्चा राहिला, हे यंत्र आधीच सुचवू शकेल. मात्र त्यासाठी यशस्वी घाण्यांइतक्याच फसलेल्या घाण्यांच्याही नोंदी लागतात. केवळ उत्तम घाणेच दाखविलेल्या यंत्राला कच्चे भस्म ओळखता येणार नाही. गॅलियमच्या संग्रहातही कमी ऊर्जेच्या रचना जितक्या महत्त्वाच्या, तितक्याच जास्त ऊर्जेच्या, निसर्गाने नाकारलेल्या रचना महत्त्वाच्या असतात. त्यांच्यावाचून यंत्राला भेद शिकता येत नाही.

आपल्यातील जे वैद्य स्वतः रसौषधी तयार करतात, त्यांनी येत्या पुटापासून एक वही घालावी. तारीख, गोवऱ्यांची संख्या व वजन, धातूचे वजन आधीचे व नंतरचे, रंग, स्पर्श, परीक्षांचे निकाल, आणि शक्य झाल्यास उष्णतामापकाच्या दर पंधरा मिनिटांच्या नोंदी, एवढे लिहिले तरी पुरे. दहा वैद्यांच्या पाच वर्षांच्या अशा वह्या एकत्र आल्या, तर कोणत्याही विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे आपण रिकाम्या हाताने जाणार नाही.